रात्रीच्या उपग्रह-चित्रांत दिसणारे पुणे : दोन्ही आयुक्तांना खुले पत्र

प्रति,
मा. आयुक्त, पुणे महानगरपालिका
मा. महानगर आयुक्त, पुणे महानगर प्रदेश विकास प्राधिकरण

विषय : शहराच्या वाढीचा अभ्यास करण्यासाठी रात्रीच्या प्रकाशाची उपग्रह-चित्रे नियमितपणे वापरणे आणि त्यासाठी पथदिव्यांची नोंदवही नागरिकांसाठी खुली करणे.

सप्रेम नमस्कार.

पुणे महापालिकेच्या हद्दीत आज नेमके किती लोक राहतात, हे कोणालाही खात्रीने सांगता येत नाही, आणि यात आपला दोष नाही. २०११च्या जनगणनेत ही संख्या सुमारे ३१ लाख २४ हजार होती. त्यानंतर २०१७मध्ये ११ आणि २०२१मध्ये २३ गावे हद्दीत आली, क्षेत्रफळ ५०० चौरस किलोमीटरच्या पुढे गेले, पुढे उरुळी देवाची आणि फुरसुंगी ही दोन गावे पुन्हा वेगळी झाली. २०२१ची जनगणना झालीच नाही आणि पुढील जनगणनेची संदर्भ तारीख १ मार्च २०२७ आहे. म्हणजे दोन शिरगणत्यांमध्ये सोळा वर्षांचे अंतर पडते, आणि नेमक्या याच काळात वाघोली, मांजरी, म्हाळुंगे, सूस, नऱ्हे, उंड्री ही गावे ओळखू येणार नाहीत इतकी बदलली. पाणी किती लागेल, शाळा कुठे हवी, दवाखाना कुठे हवा हे सारे निर्णय या काळात जुन्या आकड्यांवर टक्केवारीची भर घालून घ्यावे लागले. अशा नियोजनात वरातीमागून घोडे धावणे अटळ असते.

मात्र या सोळा वर्षांपैकी बहुतेक काळ एक उपकरण रोज रात्री या शहरावरून जात आले आहे आणि त्याने टिपलेला प्रकाश जगातल्या कोणालाही मोफत उपलब्ध आहे. मी भूगोल आणि सुदूर संवेदन, म्हणजे उपग्रहांसारख्या साधनांनी दुरून माहिती टिपण्याचे शास्त्र, शिकवते, माझे विद्यार्थी या चित्रांवर काम करतात, आणि ही चित्रे आपल्या नियोजनात यावीत, पण ती योग्य रीतीने वाचली जावीत, अशी माझी मनापासून इच्छा आहे. चुकीच्या वाचनाचे धोके मी वर्गात पाहते, शासकीय सादरीकरणांतही पाहते. म्हणून या पत्रात चित्रांच्या उपयोगाइतकेच त्यांच्या मर्यादांविषयी लिहीत आहे.

आधी उपकरणाविषयी. २८ ऑक्टोबर २०११ रोजी सुओमी एनपीपी हा अमेरिकी उपग्रह सोडण्यात आला. त्यावरील व्हीआयआयआरएस या संवेदकात अगदी मंद प्रकाशही मोजू शकणारा एक पट्टा आहे. त्यानंतर २०१७मध्ये नोआ-२० आणि २०२२मध्ये नोआ-२१ हे उपग्रह त्याच संवेदकासह गेले. ते पुण्यावरून मध्यरात्रीनंतर साधारण दीडच्या सुमारास जातात. मूळ निरीक्षणाचा चौकोन सुमारे ७५० मीटरचा असतो, पण अभ्यासकांना मिळणाऱ्या संचांत तो १५ विकला (विकला म्हणजे अंशाचा ३६००वा भाग) एवढ्या जाळीवर मांडलेला असतो. पुण्याच्या अक्षांशावर हा चौकोन अंदाजे ४६० बाय ४४० मीटर भरतो, म्हणजे एक चौरस किलोमीटरचा पाचवा भाग. संपूर्ण महापालिका हद्द अडीच हजारांच्या आसपास चौकोनांत मावते. नासाचा ‘ब्लॅक मार्बल’ हा संच प्रत्येक चौकोनाचे रोजचे मूल्य देतो आणि कोलोरॅडो स्कूल ऑफ माइन्स ही संस्था मासिक व वार्षिक संच तयार करते. २०१२पासूनची ही मालिका एका साध्या लॅपटॉपवर उघडता येते. त्यासाठी निविदा काढावी लागत नाही की सल्लागार नेमावा लागत नाही.

याआधीची मालिका वेगळ्या उपग्रहांची होती. अमेरिकेच्या संरक्षण हवामान उपग्रहांवरचा संवेदक मुळात चांदण्यात ढग दिसावेत म्हणून बनवलेला होता, शहरांचे दिवे त्यात ओघाने आले. १९९२ ते २०१३ या काळातले त्याचे वार्षिक नकाशे आहेत आणि त्यात प्रत्येक चौकोनाला ० ते ६३ यांपैकी एक अंक मिळतो. ६३च्या वर मोजपट्टीच संपते. त्यामुळे लक्ष्मी रस्ता, डेक्कन, कॅम्प यांसारखा भाग त्यात एकदा काठोकाठ भरला की पुढची वाढ दिसतच नाही. शिवाय हे उपग्रह संध्याकाळी उशिरा जात, रात्री दीड वाजता नव्हे. २००६मध्ये पुणे शहर भारनियमनातून मुक्त झाले, पण आसपासच्या ग्रामीण भागाचे भारनियमन चालूच राहिले, हे आपल्याला आठवत असेल. त्या वर्षांतल्या चित्रात शहर आणि गाव यांतला जो फरक दिसतो, त्यात वस्तीचा वाटा किती आणि महावितरणच्या वेळापत्रकाचा किती, हे वेगळे काढणे फार कठीण आहे.

हे सविस्तर लिहिण्याचे कारण असे की १९९२ आणि २०२२ची चित्रे शेजारी शेजारी लावून ‘पाहा, पुणे किती वाढले’ असे सांगण्याचा मोह सर्वांनाच होतो. त्या दोन चित्रांत उपकरण बदललेले आहे, वेळ बदललेली आहे आणि मोजपट्टीही बदललेली आहे. दरवर्षी दिवाळीत भारताचे एक रंगीबेरंगी चित्र ‘अवकाशातून दिसणारी दिवाळी’ म्हणून घरोघरी फिरते. ते दिवाळीचे नाहीच. नोआ या अमेरिकेच्या हवामान व सागर संस्थेतील शास्त्रज्ञ ख्रिस एल्विज यांनी जुन्या मालिकेतून ते बनवले होते, आणि १९९२पूर्वीचे दिवे पांढरे, १९९२मधले निळे, १९९८मधले हिरवे, २००३मधले लाल अशी त्यातली रंगयोजना आहे. नासाने २०१२मध्ये खुलासा केला, तरी ते चित्र फिरतेच आहे. प्रकाशाचे चित्र पाहिले की डोळा लगेच विश्वास ठेवतो, म्हणून त्याच्याखाली ते कसे बनले हे लिहिणे अत्यावश्यक ठरते.

आता उपयोगाकडे वळते. पुण्याच्या बाबतीत ही चित्रे सर्वांत जास्त बोलतात ती शहराच्या कडांविषयी. गावठाण आणि पेठा यांतला प्रकाश फारसा हलत नाही. एनडीएचा परिसर, छावणीचा बराचसा भाग, पाषाणच्या संरक्षण प्रयोगशाळा, वेताळ टेकडी, तळजाई हे भाग काळे किंवा करडे दिसतात आणि वर्षानुवर्षे तसेच राहतात. पण खराडीपासून वाघोलीकडे, उंड्री-पिसोळीकडे, बाणेरपासून म्हाळुंगे आणि हिंजवडीकडे, चाकणच्या औद्योगिक क्षेत्राभोवती चौकोन एकामागून एक उजळत जाताना दिसतात. प्रकाशाला महापालिकेची हद्द, पिंपरी-चिंचवडची हद्द आणि प्राधिकरणाची हद्द कळत नाही. वरून हे सगळे एकच सलग शहर दिसते, आणि म्हणूनच हे पत्र मी एका कार्यालयाला न लिहिता दोघांना लिहीत आहे.

कडेच्या चौकोनांत प्रकाश एका क्रमाने येतो आणि हा क्रम नियोजनाला फार उपयोगी आहे. आधी बांधकामाच्या जागेवरचे झोतदिवे येतात. मग अर्धवट भरलेली सोसायटी, तिच्या प्रवेशद्वारावरचे आणि पार्किंगमधले दिवे. मग रस्त्यालगत दुकाने. पालिकेचा पथदिवा पुष्कळदा सर्वांत शेवटी येतो. मिळकतकराच्या नोंदीत घर येण्याआधी, भोगवटा प्रमाणपत्र मिळण्याआधी, कधी कधी तर विकास आराखड्यातला रस्ता जमिनीवर उतरण्याआधी तिथे माणसे राहू लागलेली असतात आणि टँकर सुरू झालेले असतात. खडकवासला, पानशेत, वरसगाव आणि टेमघर या चार धरणांच्या पाण्याचे वाटप करताना कोणत्या दिशेने मागणी सरकत आहे याची सूचना वर्ष-दोन वर्षे आधी मिळाली, तर जलवाहिनी टाकण्याचा क्रम बदलता येईल. प्रकाशाचा आकडा लोकसंख्या सांगणार नाही. कोणत्या पंचवीस-तीस चौकोनांत आधी जाऊन घरे मोजली पाहिजेत, एवढे तो नक्की सांगेल, आणि मर्यादित मनुष्यबळ असलेल्या कोणत्याही कार्यालयाला एवढे पुष्कळ आहे.

अर्थशास्त्रज्ञांनी या चित्रांचा मोठा वापर केला आहे. हेंडरसन, स्टोरीगार्ड आणि वाइल यांनी २०१२मध्ये ‘अमेरिकन इकॉनॉमिक रिव्ह्यू’मध्ये दाखवून दिले की ज्या देशांची राष्ट्रीय उत्पन्नाची आकडेवारी कच्ची आहे, तिथे रात्रीच्या प्रकाशातील वाढ आर्थिक वाढीचा अंदाज सुधारू शकते. मिशिगन विद्यापीठाचे ब्रायन मिन आणि जागतिक बँक यांनी भारतातील सुमारे सहा लाख गावांचा वीस वर्षांचा प्रकाश एका संकेतस्थळावर मांडला. इस्रोच्या हैदराबाद येथील राष्ट्रीय सुदूर संवेदन केंद्राने २०१२ ते २०२१ या दशकातील भारताच्या रात्रीच्या प्रकाशातील बदलांचा ॲटलास काढला. ही सगळी कामे मोलाची आहेत. पण देश किंवा राज्य या पातळीवर जे चालते ते प्रभागाच्या पातळीवर चालत नाही, असे माझे स्पष्ट मत आहे. लाखो चौकोनांची सरासरी घेताना स्थानिक चुका एकमेकींना खाऊन टाकतात. दहा-बारा चौकोनांच्या प्रभागात मात्र एक नवा मॉल किंवा एक मोठे जाहिरात फलक निकाल फिरवू शकतात.

हे कागदावर सांगून पटत नाही, म्हणून आम्ही वाघोलीतला एक चौकोन प्रत्यक्ष चालून पाहिला. केसनंद फाट्याच्या मागच्या बाजूचा हा भाग वार्षिक संचात २०१४पासून सतत उजळत गेलेला दिसतो. पालकांची परवानगी घेऊन आणि स्थानिक रहिवाशांना सोबत घेऊन आम्ही रात्री एक ते दोन या वेळेत, म्हणजे उपग्रह जातो त्याच सुमारास तिथे फिरलो. मुख्य रस्त्यावर पेट्रोल पंपाचे छत दिवसासारखे उजळलेले होते. बंद असलेल्या एका मोटारींच्या दालनाच्या काचेआड सगळे दिवे चालू होते आणि त्याच्या वर एक जाहिरात फलक चार झोतदिव्यांनी उजळला होता, त्या दिव्यांपैकी दोन वर आकाशाकडे तोंड करून होते. सोसायटीच्या तीन इमारतींत बहुतेक खिडक्या अंधाऱ्या होत्या, लोक झोपलेले होते, पण आवारातले खांब पूर्ण तेजाने जळत होते. त्याच सोसायटीच्या कुंपणाला लागून पत्र्याच्या खोल्यांचा लेबर कॅम्प होता. तिथे सार्वजनिक नळाजवळ एकच पिवळा बल्ब होता आणि शौचालयाकडे जाणारी पायवाट ठार अंधारात होती. एक मुलगी मोबाईलच्या उजेडात आईबरोबर त्या वाटेने गेली. त्यापुढची, बसथांब्याकडे नेणारी गल्लीही तशीच अंधारी होती, खांब होते पण त्यांवर दिवे नव्हते.

उपग्रहाच्या दृष्टीने हे सगळे मिळून एकच आकडा आहे, आणि तो आकडा चांगला आहे. पेट्रोल पंप आणि मोटारींच्या दालनाने त्या पायवाटेचा अंधार झाकून टाकला. ‘उजळ म्हणजे विकसित’ असे सूत्र धरून निधीवाटप झाले, तर या चौकोनाला पथदिव्यांची गरज नाही असा निष्कर्ष निघेल आणि ती मुलगी उद्याही मोबाईलच्याच उजेडात जाईल. म्हणून माझी कळकळीची विनंती आहे की रात्रीच्या प्रकाशावरून प्रभागांची क्रमवारी कधीही लावू नये. उलट दिशेनेही तसेच आहे. वेताळ टेकडी काळी दिसते ती मागास आहे म्हणून नव्हे, आणि ती तशीच काळी राहिली पाहिजे. जिल्ह्यात काही शेतकरी शेवंतीचा फुलोरा लांबवण्यासाठी शेतात रात्री दिवे लावतात, तो प्रकाशही वस्तीचा नव्हे.

आता मी या पत्रातल्या सर्वांत महत्त्वाच्या तांत्रिक मुद्द्याकडे येते, कारण त्यावरच माझी मुख्य मागणी उभी आहे. व्हीआयआयआरएसचा रात्रीचा पट्टा ५०० ते ९०० नॅनोमीटर या तरंगलांबीचा प्रकाश मोजतो. पांढऱ्या एलईडीच्या प्रकाशातला निळा भाग ४५० नॅनोमीटरच्या आसपास असतो, म्हणजे तो या उपकरणाला दिसतच नाही. जुन्या पिवळ्या सोडियम दिव्याचा प्रकाश मात्र त्याला पुरेपूर दिसतो. गेल्या दशकात पुण्यातील रस्त्यांवरचे पिवळे दिवे जाऊन पांढरे एलईडी आले. रस्त्यावर उभ्या असलेल्या माणसाला रस्ता तेवढाच किंवा अधिक उजळ वाटतो, आकाश तर अधिकच फिकट होते, पण उपग्रहाच्या आकड्यात तो भाग मंदावलेला दिसू शकतो. इटलीतील मिलान शहराने पथदिवे एलईडीचे केले तेव्हा नेमके हेच घडले आणि उपग्रहाच्या नोंदीत शहराचा मध्यभाग मंद झाला.

जागतिक पातळीवरही ही विसंगती उघड झाली आहे. ख्रिस्टोफर किबा आणि सहकाऱ्यांच्या २०१७मधील अभ्यासात २०१२ ते २०१६ या काळात पृथ्वीवरील प्रकाशित क्षेत्र दरवर्षी सुमारे २.२ टक्क्यांनी वाढल्याचे उपग्रहावरून दिसले. त्यांच्याच गटाने २०२३मध्ये नागरिकांनी डोळ्यांनी केलेल्या ताऱ्यांच्या निरीक्षणांवरून काढलेला आकडा वेगळा होता. २०११ ते २०२२ या काळात आकाशाचा उजळपणा वर्षाला सरासरी ९.६ टक्क्यांनी वाढत होता. उपग्रह आणि माणसाचा डोळा यांच्यात एवढे अंतर पडण्यामागे दिव्यांचा बदललेला रंग हे एक महत्त्वाचे कारण आहे.

याचा पुण्यासाठी अर्थ असा की सोडियम दिवा नेमका कोणत्या महिन्यात काढला आणि तिथे किती वॅटचा, कोणत्या रंगछटेचा एलईडी बसवला, हे माहीत नसेल तर शहराच्या मध्यभागाचे २०१२ ते आजपर्यंतचे चित्र वाचताच येत नाही. कोथरूडमधला एखादा चौकोन मंद झाला तर तिथले उद्योग कमी झाले, वीज वाचली, की फक्त दिव्याचा रंग बदलला, हे सांगायला चित्र असमर्थ आहे. ही माहिती फक्त आपल्या विद्युत विभागाकडे असू शकते. खांबांवर क्रमांक रंगवलेले आपण सगळेच पाहतो. त्या क्रमांकासमोर जागेचे अक्षांश-रेखांश, दिव्याचा प्रकार, वॅट, रंगतापमान (प्रकाश किती पिवळसर की निळसर), बसवल्याची तारीख आणि बदलल्याची तारीख एवढे रकाने असलेली नोंदवही संगणकीय स्वरूपात जाहीर करावी. दिवा बंद असल्याची तक्रार आली व सुटली त्या तारखा जोडता आल्या तर फारच उत्तम, पण त्यासाठी थांबू नये. यात कोणाची खासगी माहिती नाही, कोणाच्या सुरक्षिततेला बाध नाही. लष्करी आणि तत्सम संवेदनशील परिसर वगळण्यास कोणाची हरकत असणार नाही.

पथदिव्यांची नोंद मिळाली म्हणजे सगळे उलगडेल असेही नाही. अमेरिकेतील टुसॉन शहराने २०१९मध्ये काही रात्री आपल्या पथदिव्यांचे तेज मुद्दाम कमी-जास्त केले आणि उपग्रहाच्या आकड्यात काय फरक पडतो ते मोजले. तेव्हा लक्षात आले की अवकाशातून दिसणाऱ्या प्रकाशात पथदिव्यांचा वाटा फक्त पाचव्या हिश्शाच्या आसपास आहे. बाकीचा प्रकाश दुकाने, फलक, पार्किंग, मैदाने, घरे यांचा होता. पुण्यात हा वाटा किती, हे पुण्यातच मोजावे लागेल. मात्र टुसॉनसारखे दिवे मंद करण्याचा प्रयोग इथे करू नये असे मला ठामपणे वाटते. रात्रपाळीहून परतणाऱ्या स्त्रियांच्या वाटेवर अभ्यासासाठी अंधार करण्याचा अधिकार कोणालाही नाही. त्याची गरजही नाही. ज्या रस्त्यांवर दिवे बदलण्याचे काम ठरलेलेच आहे, तिथे बदलाची तारीख आधी जाहीर केली तर आम्ही आधीच्या आणि नंतरच्या रात्रींची तुलना करू शकतो. महापालिकेचे नेहमीचे काम हाच प्रयोग होईल.

वेळ आणि ऋतू यांविषयी दोन वाक्ये पुरेत. उपग्रह रात्री दीडला जातो म्हणून ५ एप्रिल २०२० रोजी रात्री नऊ वाजता नऊ मिनिटे मालवलेले दिवे त्याने पाहिलेले असू शकत नाहीत, आणि गणपतीच्या दिवसांतली संध्याकाळची रोषणाईही तो क्वचितच पाहतो. जून ते सप्टेंबर पुण्यावर ढग असतात, त्यामुळे पावसाळ्यातले मासिक आकडे मोजक्याच रात्रींवर बेतलेले असतात, आणि तुलना करायची ती नोव्हेंबर ते मे या महिन्यांचीच करावी.

उंच इमारतींचा मुद्दा मात्र थोडा अधिक तपशील मागतो. उपग्रह दर रात्री डोक्यावरून सरळ जात नाही, कधी बराच तिरका पाहतो. खराडी किंवा बाणेरसारख्या भागात डोक्यावरून पाहताना दोन टॉवरमधल्या रस्त्याचा उजेड दिसतो, तिरके पाहताना रस्ता इमारतींआड जातो आणि दर्शनी भिंतींवरचे दिवे, काचेच्या खिडक्या दिसतात. एकाच जागेचा एकाच आठवड्यातला आकडा त्यामुळे खाली-वर होतो. जसजशी बांधकामे उंच होत जातील तसतसा हा परिणाम वाढेल. कुणी एका रात्रीचे चित्र घेऊन आपल्याकडे आले आणि त्यावर निष्कर्ष सांगू लागले, तर त्यांना पहिला प्रश्न कोनाचा विचारावा.

आणखी एका वापराविषयी मी आधीच सावध करू इच्छिते. अधिक बारीक चित्रे आता येऊ लागली आहेत. नोव्हेंबर २०२१मध्ये सोडलेला एसडीजीसॅट-१ हा चिनी उपग्रह रात्रीचा प्रकाश १० मीटरपर्यंत बारीक टिपतो आणि रंगही वेगळे दाखवतो. उद्या अनधिकृत बांधकामे शोधण्यासाठी, गुंठेवारीतल्या घरांवर नोटिसा काढण्यासाठी हीच चित्रे वापरण्याची कल्पना पुढे येईल. ती स्वीकारू नये. ज्यांच्याकडे कायदेशीर वीजजोड नाही, ज्यांचा एकच बल्ब आहे, त्यांच्यावर हे साधन सर्वांत आधी पडेल, आणि परवानगीपेक्षा तीन मजले जास्त चढवलेल्या उजळ इमारतीत त्याला काहीच वावगे दिसणार नाही. गरज कुठे आहे हे ओळखण्यासाठी मिळालेली माहिती लोकांविरुद्ध वापरली गेली, तर पुढे कोणीही नागरिक मोजणीला दार उघडणार नाही.

पर्यावरणाच्या अंगानेही एक विनंती आहे. महापालिका दरवर्षी पर्यावरण सद्यस्थिती अहवाल काढते. हवा, पाणी आणि ध्वनी यांसोबत रात्रीच्या प्रकाशाचे एक प्रकरण त्यात असावे. ज्या पुण्यात १९४४मध्ये ज्योतिर्विद्या परिसंस्था स्थापन झाली, जिथे आयुका ही खगोलशास्त्राची संशोधन संस्था आहे, त्या शहरातल्या मुलांना आज आकाशगंगा पाहायला घाट ओलांडून जावे लागते, याचे मला खरोखर दुःख होते. आपल्याच राज्यातील पेंच व्याघ्र प्रकल्पाला जानेवारी २०२४मध्ये देशातले पहिले ‘डार्क स्काय पार्क’ (रात्रीचा नैसर्गिक अंधार जपणारे क्षेत्र) म्हणून मान्यता मिळाली. पुण्यासारख्या महानगरात तसा अंधार परत येणार नाही. पण आकाशाकडे तोंड केलेले फलकांचे झोत खाली वळवणे, मध्यरात्रीनंतर जाहिरात फलक बंद ठेवण्याची अट परवान्यात घालणे आणि नवे पथदिवे घेताना निळसर पांढऱ्याऐवजी उबदार रंगछटेचे, वर झाकलेले दिवे निवडणे आपल्या हाती आहे. वाघोलीत आम्ही पाहिलेल्या त्या दोन झोतांचा प्रकाश त्या पायवाटेवर पडला असता तर कोणाच्या तरी उपयोगी आला असता.

सुरुवातीला सगळे शहर नको. समाविष्ट गावांपैकी वाघोली, मांजरी बुद्रुक, म्हाळुंगे, सूस आणि नऱ्हे एवढ्या पाच गावांची पथदिव्यांची नोंदवही येत्या नोव्हेंबरपूर्वी जाहीर करावी. ती मिळाल्यास नोव्हेंबर ते मे या निरभ्र महिन्यांत आमचे विद्यार्थी प्रत्येक चौकोनाचा मासिक आकडा, नोंदवहीतले दिवे आणि प्रत्यक्ष चालून केलेली पाहणी एकत्र मांडतील आणि सारी मांडणी दोन्ही कार्यालयांना, तसेच त्या गावांतील रहिवाशांना मराठीत देतील. जे चौकोन झपाट्याने उजळत आहेत त्यांची यादी पाणीपुरवठा विभागाला आणि जिथे चौकोन उजळ पण गल्ली अंधारी आहे अशा जागांची यादी विद्युत विभागाला वेगवेगळी मिळेल. प्राधिकरणाकडून आम्हाला याच गावांलगतच्या हद्दीबाहेरील पट्ट्यातील बांधकाम परवानग्यांच्या तारखा हव्या आहेत, म्हणजे प्रकाश आधी येतो की परवानगी, हे ताडून पाहता येईल. या कामासाठी आम्ही मानधन मागत नाही. नोंदवही कोणत्या विभागाकडून आणि कोणत्या स्वरूपात मिळू शकेल, एवढे कळवावे.

कळावे, लोभ असावा ही विनंती.

आपली,
भूगोल आणि सुदूर संवेदन विषयाची एक प्राध्यापिका,
पुणे